ट्रॅकपॅड क्लिक का होत नाही हे शोधताना आठवले मिनिटाला १२०० अक्षरं ओतणारे शंकर आबाजी भिसे

विरारला लोकलमधून उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडायचं, अर्नाळ्याच्या दिशेने जाणारी रिक्षा किंवा बस धरायची आणि अर्नाळा यायच्या आधी उतरायचं. आलं आगाशी. भवानीशंकराचं देऊळ, केळीच्या वाड्या आणि त्याच केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी. समुद्र जवळ, त्यामुळे हवा खारी. लोखंडाला गंज लवकर धरतो आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही इथे जरा जास्तच कुरकुरतात.

तर झालं असं की, परवा आमच्या भाचीचा लॅपटॉप रुसला. फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. स्क्रीनवरचा बाण व्यवस्थित फिरत होता, पण ट्रॅकपॅड काही क्लिक होत नव्हता. आधी बोटाने दाबून झालं, मग अंगठ्याने, मग दोन्ही अंगठ्यांनी. शेवटी वैतागून तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि मामा, आता तूच बघ म्हणाली.

आम्ही स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने दोनदा दाबून बघितलं आणि पॅड गेलाय, पूर्ण बदलावा लागेल, असं सांगून टाकलं. रक्कम ऐकून आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे एक वयस्कर कारागीर होते. त्यांनी पॅडला हातच लावला नाही. लॅपटॉप बंद करून काचेच्या सपाट काउंटरवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. लॅपटॉप डुगडुगला. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं. आतली बॅटरी पापडासारखी फुगली होती आणि खालून पॅडला वर ढकलत होती. पॅड ठणठणीत होता. त्याला दाबायला खाली जागाच उरली नव्हती.

म्हणजे बिघाड जिथे बोट पडत होतं तिथे नव्हताच, तो खाली होता.

घरी येताना डोक्यात एका माणसाचं नाव घोळत राहिलं. या माणसाने जवळपास सगळं आयुष्य यंत्राच्या पोटात काय अडतंय हे शोधण्यात घालवलं. त्याचं यंत्रही आपल्या लॅपटॉपसारखंच अक्षरांचं होतं. फरक एवढाच, की त्याच्या काळी अक्षर काचेवर उमटत नव्हतं. ते वितळलेल्या शिशातून ओतावं लागायचं.

त्या माणसाचं नाव शंकर आबाजी भिसे. लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणायचे.

पहिली लोकल आणि भिसे, एकाच महिन्यातले

१२ एप्रिल १८६७ या दिवशी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. बरोबर १७ दिवसांनी, म्हणजे २९ एप्रिल १८६७ रोजी, मुंबईत शंकर आबाजी भिसे यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पण पुढे याच भिसेंनी मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी स्टेशन दाखवणारं इंडिकेटर तयार केलं. आज विरार लोकलमध्ये आपण पुढचं स्टेशन कुठलं हे मान वर करून बघतो. ही सोय असावी असा विचार त्या काळी एका मराठी माणसाच्या डोक्यात आला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं. शिकलेलं, पण पोराने यंत्रांच्या नादी लागावं असं काही वातावरण नव्हतं. तरी पोरगं लागलंच. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करणारं छोटं यंत्र बनवलं. तेव्हा मोठ्या शहरांतल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायचे आणि त्यासाठी कारखाने असायचे. ते काम या मुलाने घरात करून दाखवलं. सोळाव्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं, की इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचं आणि शोध लावायचे.

आता ठरवणं आणि जाणं यात फार अंतर असतं. हातात पैसा नव्हता, ओळख नव्हती, विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. १८९० ते १८९५ या काळात ते दृष्टिभ्रमाच्या प्रयोगांकडे वळले. एक वस्तू डोळ्यांदेखत दुसरी होते असे खेळ, पण मागे प्रकाशाचं आणि आरशांचं शास्त्र. लोकांना वाटायचं जादू आहे, भिसेंसाठी ती यंत्ररचना होती. हे प्रयोग त्यांनी थेट इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलपर्यंत नेले. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आयरिश नेते अल्फ्रेड वेब यांच्याकडून त्यांना सुवर्णपदकही मिळालं.

जादूचे खेळ करून पोट भरलं असतं, नावही झालं असतं. पण भिसे तिथे थांबले नाहीत. मुंबईत त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा एक क्लब काढला आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचं मराठी मासिक चालवलं. विज्ञानातल्या गोष्टी साध्या मराठीत सामान्य माणसाला सांगायच्या, हा त्याचा उद्देश. तुम्ही आत्ता मोबाईलवर जे वाचताय ना, त्याचाच तो आजोबा म्हणा.

वाण्याच्या दुकानातला प्रश्न

याच सुमारास लंडनच्या एका नियतकालिकाने शोधकांसाठी स्पर्धा जाहीर केली. नाव होतं ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’. प्रश्न असा होता, की पीठ, साखर असा सुटा माल आपोआप तोलून आपोआप बाहेर देणारं यंत्र करता येईल का?

वरवर बघता प्रश्न तराजूचा आहे. पण वाण्याच्या दुकानात उभं राहून बघा. वेळ तराजूत जातच नाही. तो जातो थोडं टाक, थोडं काढ, चिमूटभर पुन्हा टाक यात. म्हणजे वजन मोजणं सोपं आहे, नेमक्या क्षणी माल थांबवणं अवघड आहे. अडचण नेमकी कुठे आहे ते आधी ओळखायचं आणि मग यंत्र आखायचं, हा भिसेंच्या कामाचा धागा इथून दिसायला लागतो.

त्यांनी मुंबईत बसून आराखडा केला आणि पाठवला. इंग्लंडातल्या शोधकांना मागे टाकून भिसेंचा आराखडा पहिला आला.

मुंबईतल्या जाणत्या लोकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते तेव्हा. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना लंडनमधल्या दादाभाई नौरोजींच्या नावे ओळखीचं पत्र दिलं. एकोणिसावं शतक संपता संपता भिसे बोटीत बसले. सोळाव्या वर्षी ठरवलेली गोष्ट तिशी ओलांडल्यावर खरी झाली.

लंडनमध्ये दादाभाईंचा आधार

दादाभाई म्हणजे साधी असामी नव्हे. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले होते. भारतातला पैसा ब्रिटनकडे कसा वाहतो, याचा हिशोब मांडणारे तेच. भारतीय माणूस यंत्र चालवू शकतो पण शोधू शकत नाही, असं मानणाऱ्यांच्या देशात एखादा भारतीय शोधक उभा राहिला तर तेही एक उत्तरच होतं. दादाभाईंनी भिसेंना हात दिला, पैसा लावला, माणसं जोडून दिली.

१९०१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात भिसेंचं एक यंत्र लोकांनी बघितलं. नाव व्हर्टोस्कोप. एकाच चौकटीत आपोआप बदलत जाणाऱ्या जाहिराती दाखवणारं हे यंत्र होतं. आज नाक्यावर, मॉलमध्ये, स्टेशनवर जाहिराती फिरत असतात. त्या काळी जाहिरात म्हणजे भिंतीवर चिकटवलेला कागद. त्यामुळे व्हर्टोस्कोपची चर्चा झाली.

डोक्यात कल्पना तर एकामागून एक येतच होत्या. कुणी उघडली तर कळेल अशी बाटली, सायकलसाठी विजेवरची उपकरणं, आणि काय काय. भिसेंच्या नावावर सुमारे २०० शोध आणि सुमारे ४० पेटंट सांगितली जातात.

पण आयुष्याची २० वर्षं ज्याने खाल्ली, ते यंत्र वेगळंच होतं.

एका अक्षराची किंमत

ते समजून घ्यायला आपल्याला जुन्या छापखान्यात जावं लागेल.

छापखान्यात प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक छोटा खिळा. लाकडी खणांमध्ये हे खिळे वेगवेगळे ठेवलेले असत. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, समोरचा मजकूर बघून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायचा. तीही उलटी, कारण कागदावर ती सुलटी उमटायची. इंग्रजीत हे निदान थोडक्यात भागतं. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची. आज आपण एक कळ दाबतो आणि ‘क्ष’ येतो. तेव्हा त्या ‘क्ष’साठी स्वतंत्र खिळा ओतून, घासून, खणात ठेवलेला असावा लागे.

हे खिळे यायचे कुठून? टाइप फाउंड्रीतून. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. नुसतं शिसं मऊ पडतं, छपाईच्या दाबाखाली चेपतं. अँटिमनीमुळे ते कडक होतं आणि थंड होताना फारसं आकसत नाही, त्यामुळे अक्षराच्या कडा स्वच्छ येतात. खिळ्याची उंची केसभर जरी कमीजास्त झाली तरी अक्षर कागदावर एकतर पुसट येतं नाहीतर कागदात रुततं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत दोन मोठी यंत्रं आली. ऑटमार मेर्गेनथालर यांचं लायनोटाइप १८८६ मध्ये न्यू यॉर्कच्या ट्रिब्यून वृत्तपत्रात चालू झालं. कळा दाबत जायचं, आणि पूर्ण ओळ एकाच तुकड्यात ओतून बाहेर. फायदा वेगाचा. तोटा असा की एक अक्षर चुकलं तर ओळ परत ओता. दुसरं टोलबर्ट लॅन्स्टन यांचं मोनोटाइप. ते एकेक अक्षर सुटं ओतायचं, पण वेग मिनिटाला दीडशेच्या आसपास.

वेग का वाढत नव्हता? इथे भिसेंनी बघितलं ते खाली. कळा दाबणाऱ्याची बोटं हळू नव्हती. अडत होतं साच्यात. वितळलेला धातू साच्यात शिरला की तो घट्ट होईपर्यंत थांबावंच लागतं. घाई केली तर अक्षर पोकळ किंवा वाकडं. थांबलं तर वेग गेला. साचा एकच, म्हणून रांग लागलेली.

भिसेंचा विचार सरळ होता. एक साचा घाईला आणून उपयोग नाही. वेगवेगळी अनेक अक्षरं एकाच वेळी ओतली गेली पाहिजेत, आणि तीही आपोआप.

लंडनमधली कॅस्लन ही जुनी, नावाजलेली टाइप फाउंड्री. तिथल्या इंजिनिअरांना हे शक्य वाटलं नाही. त्यांनी भिसेंना आव्हान दिलं, की बोलू नका, करून दाखवा. त्यांनी ते घेतलं आणि १९०८ च्या सुमारास यंत्र उभं केलं. मिनिटाला १२०० अक्षरं ओतणारं यंत्र, अशी त्याची ख्याती झाली. या यंत्राला नाव मिळालं भिसोटाइप.

छापखान्यासाठी रोज लागणारे खिळे मिनिटाला दीडशेऐवजी १२०० या वेगाने पडले तर पुस्तक स्वस्त होतं. वर्तमानपत्र स्वस्त होतं. आणि ज्या भाषांना शेकडो खिळे लागतात, त्यांना तर हे वरदानच. डाव फार मोठा होता.

बोट नेमकं, पण खालचा आधार सरकला

आता यंत्र आहे, तर मग भिसे श्रीमंत का झाले नाहीत?

कारण यंत्र एक बनवणं वेगळं आणि बाजारात उतरवणं वेगळं. त्यासाठी कारखाना लागतो, पेटंटचा खर्च लागतो, समोरच्या बड्या कंपन्यांशी टिकून राहायची ताकद लागते. लायनोटाइप आणि मोनोटाइप यांचा जम बसला होता. छापखान्यांनी त्यांची यंत्रं घेतली होती, कामगार त्यावर शिकले होते.

ब्रिटनमधले समाजवादी नेते हेन्री हिंडमन हे दादाभाईंचे जुने स्नेही. त्यांनी भिसेंच्या यंत्रासाठी भांडवल उभं करायचं मनावर घेतलं. गंमत बघा, भांडवलशाहीवर टीका करणारा माणूस भांडवल गोळा करायला निघाला. ते काही जमलं नाही. १९०७ मध्ये वय झालेले दादाभाई भारतात परतले. लंडनमधला सगळ्यात मोठा आधार गेला.

भिसेही १९०८ मध्ये भारताकडे निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांची गाठ सर रतन टाटांशी घालून दिली. इथे घोटाळा नको. हे अलीकडचे रतन टाटा नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला आणि पाटलीपुत्रच्या उत्खननाला पैसा देणारे तेच. त्यांनी भिसेंच्या शोधांवर पैसा लावला आणि १९१० मध्ये लंडनला टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभं राहिलं.

आता गाडी रुळावर आली असं वाटलं. सुटं यंत्र, त्याचे सुधारित नमुने, नवी पेटंट, काम जोरात चाललं. आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. कारखाने तोफगोळ्यांकडे वळले. शिसं आणि अँटिमनीची गरज छापखान्यांआधी बंदुकीच्या गोळ्यांना लागली. नवं छपाई यंत्र घ्यायला कुणाला उसंत होती? १९१५ मध्ये सिंडिकेट बंद झालं.

यंत्रात दोष होता म्हणून हे झालं नाही, कल्पनेत दोष होता म्हणूनही नाही. ज्यावर टेकून दाब द्यायचा, ते खालचं सगळं एकदमच हललं. तुम्ही कितीही नेमकं दाबा, खालून टेकू नसेल तर क्लिक होत नाही.

भिसे तेव्हा ४८ वर्षांचे होते. या वयात माणूस परत जातो, एखादी नोकरी बघतो, जुन्या गोष्टी सांगत बसतो. भिसेंनी अमेरिकेची बोट धरली.

न्यू यॉर्कमध्ये पुन्हा पहिल्यापासून

१९१६ मध्ये ते न्यू यॉर्कला पोचले. पुन्हा तेच यंत्र, पुन्हा नव्याने आखणी. चार वर्षांनी, १९२० मध्ये, भिसे आयडियल टाइप कास्टर कॉर्पोरेशन ही कंपनी उभी राहिली आणि १९२१ मध्ये तिचं पहिलं यंत्र तयार झालं. लंडनमध्ये कॅस्लनच्या माणसांनी आव्हान दिल्यापासून मध्ये एक महायुद्ध, दोन देश आणि एक बंद पडलेली कंपनी एवढं सगळं होऊन गेलं होतं.

पण यशाने इथेही त्यांना गंमत दाखवली. ज्या यंत्रासाठी रक्त आटवलं त्याने नाव दिलं, बरकत मात्र दुसऱ्याच गोष्टीने आली. आयोडीनवर काम करून त्यांनी एक औषध तयार केलं होतं. ॲटोमिडीन या नावाने ते अमेरिकेत विकलं गेलं.

डोकं तरी शांत कुठे बसणार. त्यांनी आत्म्यांशी बोलण्यासाठीचा टाइपरायटरसुद्धा बनवला. आज आपल्याला हसू येईल. पण तेव्हा युरोप-अमेरिकेत भलेभले शास्त्रज्ञ त्या नादाला लागले होते. महायुद्धात घराघरांतली पोरं गेली होती, त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून लोक काहीही करून बघत होते. भिसेंनी तिथेही कळाच लावल्या. अक्षरं आणि कळा काही त्यांच्या डोक्यातून गेल्या नाहीत.

डिसेंबर १९३० मध्ये भारताच्या एडिसनची खऱ्या एडिसनशी भेट झाली. थॉमस एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी ते गेले. एकाच्या मागे प्रयोगशाळा, कारखाने, वकील आणि बँका उभ्या होत्या. दुसऱ्याच्या मागे एकेका टप्प्यावर एकेक भला माणूस उभा राहिला आणि परिस्थितीने बाजूला झाला. दोघांच्या शोधांची तुलना करताना एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यू यॉर्कमध्ये शंकर आबाजी भिसे वारले. वय ६७.

मग आपण त्यांना विसरलो कसे?

एक कारण म्हणजे ते ज्या वस्तूचा वेग वाढवत होते, ती वस्तूच संपली. पुढे फोटोटाइपसेटिंग आलं, मग कॉम्प्युटर आला. शिशाचे खिळे भंगारात गेले. जुळारी हा पेशा गेला. खिळाच उरला नाही, तिथे तो वेगाने ओतणाऱ्याची आठवण कोण काढणार?

दुसरं कारण असं, की आपण शोध लक्षात ठेवतो ते दुकानात दिसतात म्हणून. बल्ब दिसतो, एडिसन आठवतो. भिसेंचं यंत्र छापखान्याच्या पोटात होतं. वाचणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. पोटातली यंत्रं चालतात तोवर कुणाच्या ध्यानात येत नाहीत, बिघडली की मगच आपण झाकण उघडतो.

तर मग उघडूया. भिसेंच्या नजरेने ट्रॅकपॅडकडे बघितलं तर काय दिसतं?

आता तुमच्या लॅपटॉपचं

बहुतेक साध्या लॅपटॉपमध्ये पॅड वरच्या कडेला, म्हणजे कीबोर्डकडच्या बाजूला, बिजागरीसारखा टेकलेला असतो आणि खालच्या कडेजवळ आत एक छोटी कळ असते. कळीत घुमटाच्या आकाराची पातळ धातूची चकती. दाबली की ती आत बसते, टक्‌ आवाज येतो, सोडली की परत वर येते. म्हणून पॅडचा वरचा भाग कडक लागतो आणि खालचा सहज दबतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

आधी दोन गोष्टी बघा. बाण फिरतोय का? फिरत असेल तर पॅडचा वरचा, बोट ओळखणारा भाग शाबूत आहे. मग एखादा माउस लावून बघा. माउसने क्लिक होत असेल तर कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही ठीक. म्हणजे दोष पॅडच्या खाली उरतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लॅपटॉप बंद करून सपाट जागी ठेवा. तो डुगडुगतोय का? पॅड एका बाजूने वर आलाय का? खालच्या झाकणाला फट पडलीये का? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगल्याची शंका घ्या. अशा वेळी पॅड दाबत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद ठेवा आणि जाणत्या माणसाकडून बॅटरी बदलून घ्या. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली, वाकवली किंवा दाबून बसवायचा प्रयत्न केला तर पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

बॅटरी ठीक असेल तर उरतात किरकोळ कारणं. पॅडच्या कडेच्या फटीत बिस्किटाचा चुरा, वाळू किंवा धूळ अडकते. आमच्यासारख्या समुद्राजवळच्या गावात तर हमखास. लॅपटॉप बंद करून, उभा धरून, मऊ ब्रशने ती काढता येते. फटीत सुई किंवा पिन घालायची नाही आणि पाणी लावायचं नाही. काही लॅपटॉपमध्ये पॅडच्या खाली एक बारीक स्क्रू असतो. तो सैल किंवा जास्त घट्ट झाला तरी क्लिक बसत नाही. शेवटची शक्यता, वर्षानुवर्षं दाबून आतली चकतीच थकली. मग मात्र कळ किंवा पॅड बदलावा लागतो.

आणि एक. काही नव्या लॅपटॉपचा पॅड हलतच नाही. त्यात दाब ओळखणारे सेन्सर असतात आणि विजेवर चालणारा भाग बोटाला थरथर देतो, आपल्याला वाटतं क्लिक झालं. असा लॅपटॉप बंद असताना पॅड दगडासारखा लागतो. तो बिघडलेला नसतो.

काम अगदीच अडलं असेल, आमच्या भाचीसारखी शेवटची तारीख असेल, आणि बॅटरी फुगलेली नसेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन टॅप टू क्लिक चालू करा. मग दाबायची गरज नाही, नुसती टिचकी पुरते. दोन बोटांनी टिचकी मारली की राइट क्लिक. दुरुस्ती होईपर्यंत एवढ्यावर निभावतं.

भाचीचं काय झालं? बॅटरी फुगलेली असल्याने तो लॅपटॉप चालू ठेवून टिचकीवर निभावणं धोक्याचं होतं. त्या कारागिराने बॅटरी बदलली, त्याच पॅडवर क्लिक पुन्हा वाजायला लागला आणि रात्री फॉर्म गेला. पहिल्या दुकानात थांबलो असतो तर ठणठणीत पॅड फेकून नवा बसवला असता, आणि फुगलेली बॅटरी आत तशीच राहिली असती.

परतीच्या रिक्षात मी तिला भिसेंची गोष्ट सांगितली. पुढच्या वेळी विरार लोकलमध्ये इंडिकेटरवर स्टेशनचं नाव आलं, तर तुम्हीही त्या माणसाची एकदा आठवण काढा.